झडप शिवायची की बदलायची?

हृदय थांबवलेलं असतं. डाव्या बाजूचा वरचा कप्पा उघडलेला असतो आणि त्याच्या तळाशी मायट्रल झडप दिसत असते. सर्जन रबरी फुग्याच्या सिरिंजने थंड सलाइन झडपेपलीकडे, खालच्या कप्प्यात सोडतो. कप्पा भरत जातो तशा झडपेच्या दोन पाकळ्या वर उचलल्या जातात, वाऱ्याने शीड भरावं तशा फुगतात आणि एकमेकींना टेकतात. पाणी आतच राहिलं तर झडप मिटते आहे. एखाद्या जागी धार वर उसळली तर गळती नेमकी तिथे आहे. आज जे सांगायचं आहे त्याचं मूळ या साध्या चाचणीत आहे: आधी झडप नीट वाचायची, आणि मगच ठरवायचं की ती शिवायची की काढून नवी बसवायची.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, तर कृत्रिम झडप बसवली की जुना आजार जातो आणि त्याच्या जागी एक नवा, सांभाळता येण्यासारखा आजार येतो. धातूची झडप असेल तर जन्मभर रक्त पातळ ठेवावं लागतं. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, म्हणजे टिश्यू झडप असेल तर ती काही वर्षांनी कडक होते, फाटते. जंतुसंसर्गाची भीती दोन्हींना असते. म्हणून रुग्णाची स्वतःची झडप टिकाऊपणे दुरुस्त होत असेल तर तीच ठेवावी, हे माझं ठाम मत आहे. मात्र ‘टिकाऊपणे’ हा शब्द त्यातून काढता येणार नाही. दोन वर्षांत पुन्हा गळणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे.

मायट्रल झडपेची रचना आधी डोळ्यांसमोर आणू. डाव्या बाजूचे वरचा आणि खालचा कप्पा यांच्यामधलं हे दार. दाराची गोल चौकट म्हणजे कडं, आणि दाराला दोन पाकळ्या असतात. पुढची पाकळी उंच असते, पण कड्याचा साधारण एक तृतीयांश भागच व्यापते. मागची पाकळी बुटकी असते, पण उरलेला दोन तृतीयांश घेर तिचा असतो. मागच्या पाकळीला नैसर्गिक खाचांमुळे तीन भाग पडतात, त्यांना पी-१, पी-२, पी-३ म्हणतात. त्यांच्या समोरचे पुढच्या पाकळीचे भाग म्हणजे ए-१, ए-२, ए-३. पाकळ्यांच्या कडांना आणि खालच्या बाजूला बारीक पांढऱ्या दोऱ्या चिकटलेल्या असतात. त्या दोऱ्या दोन पॅपिलरी स्नायूंवर जाऊन बांधलेल्या असतात आणि ते स्नायू खालच्या कप्प्याच्या भिंतीतून उभे राहिलेले असतात. म्हणजे ही झडप नुसत्या दोन पाकळ्यांची नाही. कडं, पाकळ्या, दोऱ्या, स्नायू आणि भिंत या पाचांचं मिळून ते यंत्र आहे, आणि पाचांपैकी कुठलंही बिघडलं तरी गळती होते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १ लाखाच्या वर वेळा हे दार उघडतं आणि दर वेळी पाऱ्याच्या १२० मिलिमीटर दाबाला अडवून धरतं.

गळतीचं कारण ओळखण्यासाठी फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी घालून दिलेली विभागणी आजही रोज वापरात आहे. पाकळी जाड आहे की पातळ, याआधी ते विचारतात की पाकळी हलते कशी. पहिला प्रकार: पाकळ्या नीट हलतात, पण कडं पसरलंय किंवा पाकळीला भोक पडलंय. दुसरा: पाकळी मर्यादेबाहेर वर जाते, कारण दोरी लांबली आहे किंवा तुटली आहे. तिसरा: पाकळी अडकून राहते. त्याचेही दोन उपप्रकार आहेत. संधिवाताच्या तापाने पाकळ्या आणि दोऱ्या जाड होऊन आखडतात तेव्हा पाकळी नीट उघडतही नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर खालचा कप्पा फुगतो, स्नायू दूर सरकतात आणि चांगली पाकळी खाली ओढली जाते, तेव्हा ती फक्त मिटताना अडते. उपाय या उत्तरावरूनच ठरतो.

दुरुस्तीला सगळ्यात छान साथ देतो तो दुसरा प्रकार. पी-२ ची दोरी तुटून तो भाग वरच्या कप्प्यात फडफडतो, हे नेहमीचं चित्र. इथे दोन मार्ग आहेत. पहिला जुना मार्ग म्हणजे फडफडणारा तुकडा त्रिकोणी किंवा चौकोनी कापून काढायचा आणि दोन्ही कडा बारीक पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याने जोडायच्या. दुसरा मार्ग, जो आता जास्त चालतो, तो पाकळी न कापता नवी दोरी बसवण्याचा. यासाठी ई-पीटीएफई या पदार्थाचा धागा वापरतात, बहुधा सीव्ही-४ किंवा सीव्ही-५ जाडीचा. धाग्याचं एक टोक पॅपिलरी स्नायूच्या टोकावरच्या पांढऱ्या, चिवट भागात अडकवायचं आणि दुसरं पाकळीच्या कडेतून काढून गाठ मारायची. पाकळीचं क्षेत्र तसंच राहतं, त्यामुळे पाकळ्या एकमेकींना जास्त खोलवर टेकतात.

या नव्या दोरीची लांबी ठरवणं हीच खरी परीक्षा. आखूड झाली तर पाकळी खाली ओढली जाते आणि गळते. लांब झाली तर आजार होता तसाच राहतो. म्हणून शेजारच्या निरोगी दोरीची लांबी मापून घेतात, किंवा सलाइनने कप्पा भरलेला असतानाच गाठ कड्याच्या पातळीला आणतात. हा धागा गुळगुळीत असल्याने दोन-तीन गाठी त्याला पुरत नाहीत, सरकतात. आठ-दहा गाठी माराव्या लागतात, आणि पहिली गाठ पक्की होईपर्यंत ती घसरून दोरी आखूड होऊ नये म्हणून मधे आधार धरावा लागतो. आणखी एक गोष्ट फार वेळा विसरली जाते. वर्षानुवर्षांच्या गळतीने फुगलेला खालचा कप्पा शस्त्रक्रियेनंतर हळूहळू लहान होतो. कप्पा लहान झाला की आज बरोबर वाटणारी दोरी सहा महिन्यांनी लांब ठरते. त्यामुळे कप्पा खूप फुगलेला असेल तर मागची पाकळी किंचित खालीच ठेवलेली बरी.

पाकळी आणि दोरी झाली की कड्याला आधार म्हणून कृत्रिम रिंग. ही पायरी गाळलेली दुरुस्ती फार काळ टिकत नाही, कारण पसरलेलं कडं पुढेही पसरतच राहतं. रिंगचं माप पुढच्या पाकळीवरून घेतात. मापनी पाकळीवर ठेवून पाकळीची उंची आणि दोन्ही ट्रायगोनमधलं अंतर जुळतंय का ते बघायचं. ट्रायगोन म्हणजे कड्याच्या पुढच्या बाजूचे दोन तंतुमय कोपरे. ते सहसा पसरत नाहीत, म्हणून मापासाठी तेच भरवशाचे. कड्यात साधारण १२ ते १६ टाके पडतात, २-० जाडीच्या विणलेल्या पॉलिस्टरचे. प्रत्येक टाका नेमका कड्यात हवा, पाकळीत नको आणि भिंतीतही खोल नको.

खोल गेला तर काय होतं, ते कड्याभोवती कोण राहतं यावरून कळतं. पी-१ च्या बाजूने सर्कम्फ्लेक्स ही हृदयाची धमनी कड्याला खेटून जाते. तिच्यातून टाका गेला किंवा टाक्याने ती मुरडली, तर हार्ट-लंग मशीनवरून, म्हणजे हृदय थांबलेलं असताना रक्त फिरवणाऱ्या यंत्रावरून, उतरताना खालच्या कप्प्याची बाजूची भिंत हलेनाशी होते. उजव्या ट्रायगोनजवळ हृदयाचा विद्युत-संदेश वाहणारी गाठ आहे, तिला धक्का लागला तर हृदयगती एकदम मंदावते. पुढच्या कड्याच्या पलीकडे एओर्टिक, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या पाकळ्या आहेत, टाक्यात त्यांतली एखादी पकडली तर तिथे नवी गळती लागते. चारही बाजूंना असे शेजारी असताना सुई आंधळेपणाने फिरवायची सोयच नाही.

रिंग बांधली की पुन्हा सलाइन भरायचं. पाकळ्या मिटल्याची रेषा आता मागच्या कड्याला समांतर, मंद हसऱ्या ओठासारखी दिसायला हवी, आणि उघड्या जागेचा बराच मोठा भाग पुढच्या पाकळीने झाकलेला हवा. मिटलेल्या रेषेवर निर्जंतुक शाईच्या पेनाने खूण करतात आणि पाणी काढून पाकळी उचलून बघतात. शाईच्या खाली जेवढी पाकळी कोरी राहिली तेवढ्या उंचीवर दोन पाकळ्या एकमेकींना टेकल्या होत्या. ही उंची ८ ते १० मिलिमीटर असली तर दुरुस्तीवर भरवसा ठेवता येतो. नुसत्या कडेला कड टेकलेली झडप त्या क्षणी गळत नाही, पण तिच्याकडे शिल्लक काही नसते.

एक वेगळाच बिघाड इथे सांगायला हवा, कारण तो दुरुस्ती ‘चांगली’ झाल्यावरच दिसतो. मागची पाकळी फार उंच राहिली किंवा रिंग लहान बसली, तर पाकळ्या मिटण्याची रेषा पुढे सरकते. मग हृदय आकुंचन पावताना पुढची पाकळी महाधमनीकडे जाणाऱ्या वाटेत ओढली जाते. रक्ताची वाटही अडते आणि झडपही गळते. याला सर्जन ‘सॅम’ म्हणतात. मागच्या पाकळीची उंची १५ मिलिमीटरच्या आत आणणं हा प्रतिबंध. तरी झालंच, तर घाबरून लगेच पुन्हा झडप उघडायची नाही. आधी हृदयाचा जोर वाढवणारी औषधं बंद करायची, शरीरात द्रव भरायचा, रक्तदाब वर न्यायचा, गती कमी करणारं औषध द्यायचं. बऱ्याच रुग्णांत एवढ्यावर पाकळी जागेवर येते. नाहीच आली, तर मात्र पाकळी बुटकी करायला किंवा मोठी रिंग बसवायला परत जायचं.

अंतिम परीक्षा ठोके सुरू झाल्यावर, अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर होते. भुलीखाली रक्तदाब कमी असतो आणि कमी दाबाला झडप कमी गळते. म्हणून औषधाने वरचा दाब रुग्णाच्या रोजच्या पातळीवर, म्हणजे १२० ते १४० पर्यंत नेऊनच गळती बघायची. किरकोळपेक्षा जास्त दिसली तर त्याच बैठकीत पुन्हा मशीनवर जाऊन ती मिटवायची. उघडताना झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला सरासरी फरकही मोजायचा. तो ५ मिलिमीटरच्या वर जाऊ लागला तर गळतीच्या नादात दार अरुंद करून ठेवलं आहे.

हे सगळं करायला स्थिर, रक्तविरहित हृदय लागतं, म्हणून मशीनबद्दल थोडं. रक्त गोठू नये म्हणून किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन देतात आणि रक्त गोठायला लागणारा वेळ ४८० सेकंदांच्या वर गेल्याची खात्री झाल्यावरच हार्ट-लंग मशीन सुरू होतं. महाधमनीला क्लॅम्प लावून पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवतात. नेहमीचं रक्तमिश्रित द्रावण साधारण दर २० मिनिटांनी पुन्हा द्यावं लागतं. डेल निडो या द्रावणाचा एक डोस तासभर किंवा त्याहून थोडा जास्त पुरतो, पण घड्याळाकडे लक्ष हवंच. उघड्या छातीत कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, कारण आत अडकलेली हवा मेंदूत गेली तर पक्षाघात होतो आणि कार्बन डायऑक्साइडचा बुडबुडा रक्तात चटकन विरघळतो. शेवटी प्रोटामिनने हेपॅरिनचा परिणाम उतरवतात.

छातीचं मधलं हाड पूर्ण उघडायचं, की उजव्या फासळ्यांमधून ५-६ सेंटिमीटरच्या छेदातून जायचं, यावर हल्ली फार चर्चा होते. छोट्या छेदाने वेदना कमी, हाड शाबूत, कामावर परतणं लवकर. पण मशीनचा वेळ वाढतो, नळ्या जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून घालाव्या लागतात आणि त्या वाहिन्या चुन्याने, म्हणजे साचलेल्या कॅल्शियमने भरलेल्या असतील तर हा मार्ग धोक्याचा. छेदाच्या लांबीपेक्षा आतली दुरुस्ती कशी झाली यालाच मी महत्त्व देतो. रुग्णानेही आधी तेच विचारावं.

संधिवाताच्या तापाने बिघडलेली मायट्रल झडप ही निराळीच गोष्ट. तिथे दोन पाकळ्या कोपऱ्यांत एकमेकींना चिकटतात आणि ४ ते ६ चौरस सेंटिमीटरचं दार दीडपेक्षाही कमी होतं. या झडपेचा इतिहास शिकवणारा आहे. १९२३ मध्ये बोस्टनला इलियट कटलर यांनी धडधडत्या हृदयात चाकू घालून एका मुलीची अरुंद झडप मोकळी केली आणि ती जगली. पण पुढे त्यांनी झडपेचा तुकडाच कापून काढणारं हत्यार वापरलं. अरुंद दाराच्या जागी सताड उघडं दार झालं आणि रुग्ण दगावले. १९२५ मध्ये लंडनला हेन्री सुटार यांनी वरच्या कप्प्याच्या टोकातून बोट आत घातलं आणि झडप नुसती बोटाने मोकळी केली. रुग्ण वाचली, पण त्यांच्याकडे पुन्हा तसा रुग्ण पाठवला गेला नाही. १९४८ मध्ये बेली, हार्केन आणि ब्रॉक यांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, हा मार्ग पुन्हा उघडला. जिथे निसर्गाने पाकळ्या वेगळ्या केल्या होत्या त्या रेषेवरच त्या फाकवायच्या, हे तेव्हा पक्कं झालं.

आज तेच काम बहुतेक वेळा फुग्याने होतं. कांजी इनोए यांच्या फुग्याची नळी जांघेतल्या शिरेतून वर नेतात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे जातात आणि अरुंद झडपेत फुगा फुगवतात. फुग्याचं माप ठरवायचं सूत्र सोपं आहे: सेंटिमीटरमधल्या उंचीला १० ने भागायचं आणि त्यात १० मिळवायचे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला २६ मिलिमीटर. सुरुवात त्याहून थोड्या लहान मापाने करून पायरीपायरीने वाढवतात. वरच्या कप्प्यात गुठळी असेल, आधीच मध्यम किंवा जास्त गळती असेल, किंवा झडपेखालच्या दोऱ्या एकमेकींना चिकटून दांडके झाल्या असतील, तर फुगा वापरत नाहीत. तिथे उघडून चिकटलेल्या कडा सुरीने कापतात, पण कड्याच्या २-३ मिलिमीटर अलीकडेच थांबतात, नाहीतर कोपऱ्यात गळती राहते. पाकळ्या आखडून तोकड्या झाल्या असतील तर मात्र शिवणकामाला कापडच उरत नाही. तिथे बदलावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही.

झटक्यानंतरच्या गळतीबद्दलही असंच प्रामाणिक असायला हवं. बरीच वर्षं लहान रिंग आवळून ही गळती थांबवत असत. मग अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांनी मिळून २५१ रुग्णांची चाचणी केली, अर्ध्यांची झडप दुरुस्त केली आणि अर्ध्यांची बदलली. २०१६ मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत दुरुस्ती केलेल्यांपैकी ५८.८ टक्क्यांना पुन्हा मध्यम किंवा तीव्र गळती होती, बदललेल्यांत ३.८ टक्क्यांना. जिवंत राहण्यात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. कारण उघड आहे: बिघाड भिंतीत आहे आणि आपण कडं आवळतो. भिंत पुढे फुगत गेली की पाकळी पुन्हा ओढली जाते.

मायट्रल झडप बदलतानाही सगळं कापून टाकायचं नसतं. पूर्वी पाकळ्या, दोऱ्या सारं काढत असत आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही कित्येकांचं हृदय पुढे दमत जाई. दोऱ्या कप्प्याच्या भिंतीला कड्याशी बांधून ठेवतात, त्या तुटल्या की कप्पा आपला आकार आणि जोर गमावतो. दोऱ्या राखाव्यात हे वॉल्टन लिलेहाय यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं. आता निदान मागची पाकळी दोऱ्यांसकट जागेवर ठेवून तिच्यातूनच टाके घेतात. तिथला चुना फार खोल कोरला, किंवा मोठी झडप कोंबली, किंवा झडप बसवल्यावर हृदय हाताने वर उचललं, तर कड्यामागची खाच फाटते. मशीनवरून उतरल्यावर हृदयामागून भळाभळा रक्त येतं. झडपेच्या शस्त्रक्रियेतला हा सगळ्यात जीवघेणा अपघात, आणि तो टाळणं हाच त्यावरचा खरा इलाज.

टिश्यू झडपेला तीन खांब असतात. टाक्याचा फास त्यातल्या एखाद्यावर चुकून अडकला तर एक पाकळी मुडपून राहते, म्हणून गाठी मारायच्या आधी छोट्या आरशाने खाली पाहतात. धातूच्या झडपेत दोन तबकड्या असतात. त्या खास दांडीने उघडमीट करून बघायच्या. राखलेली दोरी किंवा टाक्याचं लांब ठेवलेलं टोक मधे आलं तर तबकडी अडते.

आता एओर्टिक झडप. खालच्या डाव्या कप्प्यातून शरीराकडे जाणारं हे दार, तीन पाकळ्यांचं, ३ ते ४ चौरस सेंटिमीटरचं. वयाने तिच्यात चुना साचतो. दार १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान झालं, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरवर आणि सरासरी दाबफरक ४० वर गेला की आजार तीव्र. चालताना छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं यांतलं काही सुरू झालं की थांबणं धोक्याचं. दगड झालेल्या पाकळ्या शिवता येत नाहीत, त्यामुळे इथे बदलणं हेच मुख्य काम.

महाधमनी उजव्या हृदयधमनीच्या उगमाच्या दीड-दोन सेंटिमीटर वर उघडतात. पाकळ्या कात्रीने काढतात आणि कड्यातला चुना चिमट्याने थोडाथोडा फोडत काढतात. हा भाग सावकाश करायचा. खाली कप्प्यात गॉजचा तुकडा ठेवायचा, प्रत्येक कण टिपायचा, मग भरपूर सलाइनने धुवायचं आणि ते पाणी हार्ट-लंग मशीनमध्ये परत न जाऊ देता बाहेरच्या सक्शनने ओढायचं. एक सुटलेला कण मेंदूच्या वाहिनीत जाऊन बसायला पुरेसा असतो. चुना कमी काढला तर झडप नीट टेकत नाही आणि बाजूने गळते, जास्त खरवडला तर कडं फाटतं. उजवी पाकळी आणि जिच्यामागे हृदयधमनी नसते ती पाकळी, या दोघी जिथे मिळतात त्या कोपऱ्याच्या लगेच खालून विद्युत-संदेशाची वाट जाते. तिथला खोल टाका म्हणजे पेसमेकर.

मग माप. माणूस मोठा आणि झडप लहान, ही विसंगती शस्त्रक्रियेनंतर इकोवर दिसते आणि वर्षानुवर्षं त्रास देते. झडपेचं उपयोगी क्षेत्र शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ०.८५ चौरस सेंटिमीटरच्या वर हवं. १.७ चौरस मीटरच्या व्यक्तीला निदान १.४५ चौरस सेंटिमीटर देणारी झडप लागते. कड्यात ती मावत नसेल तर महाधमनीचा छेद बिनधमनीच्या पाकळीच्या बाजूने कड्यातून खाली वाढवून त्यात पॅच शिवतात आणि एक-दोन मापं मोठी झडप बसवतात. शस्त्रक्रिया वीस-पंचवीस मिनिटांनी लांबते. तरुण रुग्णात ही मिनिटं खर्च करावीत, कारण टिश्यू झडप झिजल्यावर तिच्याच आत नवी झडप बसवायची असेल तर पहिली झडप किती मोठी होती हे निर्णायक ठरतं. १९ किंवा २१ मापाच्या आत दुसरी बसवली की वाट अगदीच अरुंद होते.

एओर्टिक झडप गळत असेल आणि पाकळ्या मऊ असतील तर इथेही राखता येते. महाधमनीचा बुंधा फुगल्याने पाकळ्या लांब ओढल्या गेल्या असतील, तर फुगलेली भिंत काढून पाकळ्या कृत्रिम नळीच्या आत परत बसवतात. टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. तरुणांसाठी डोनाल्ड रॉस यांची १९६७ पासूनची शस्त्रक्रियाही आहे: रुग्णाची स्वतःची फुप्फुसाकडची झडप काढून एओर्टिकच्या जागी बसवायची आणि तिच्या जागी दात्याची. जिवंत झडप मिळते, रक्त पातळ ठेवणारी गोळी लागत नाही. पण एका झडपेच्या आजारात दोन झडपांना हात लागतो, म्हणून ती हात बसलेल्या केंद्रातच करावी.

छाती न उघडता झडप बसवण्याची सुरुवात १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी केली. जाळीच्या नळीत शिवलेली टिश्यू झडप दाबून बारीक करतात आणि बहुतेक वेळा जांघेतल्या धमनीतून वर नेतात. सीटी स्कॅनवर कड्याचा घेर, हृदयधमन्यांच्या उगमाची उंची आणि जांघेतल्या धमनीची रुंदी आधीच मोजलेली असते. फुग्याने उघडणारी झडप असेल तर काही सेकंद हृदय पेसमेकरने मिनिटाला १८० च्या आसपास पळवतात, म्हणजे रक्ताचा झोत मंदावतो आणि झडप जागेवरून सरकत नाही. इथे जुनी झडप काढत नाहीत, बाजूला चेपतात. हृदयधमनीचं तोंड खाली असेल तर चेपलेली पाकळी तेच झाकते. चुना ओबडधोबड असेल तर बाजूने गळती राहते. पेसमेकर लागण्याचा संभवही आहे. वयस्क रुग्णाला हा मोठा दिलासा. पन्नाशीतल्या माणसाने मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या झडपेचं काय, हे पहिल्या वेळीच विचारून घ्यावं.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या, तीन पाकळ्यांच्या ट्रायकस्पिड झडपेबद्दल एवढंच: डावीकडचं काम चालू असताना तिचं कडं ४० मिलिमीटरच्या वर पसरलेलं दिसलं तर त्याच वेळी रिंग घालावी. नंतर फक्त तिच्यासाठी छाती पुन्हा उघडणं फार जड जातं.

धातूची की टिश्यूची, हे वय, राहणी आणि गोळीची शिस्त पाहून ठरतं. एओर्टिकच्या जागी साधारण पन्नाशीच्या आत धातूची, पासष्टीनंतर टिश्यूची, मधल्या वयात रुग्णाशी बसून बोलून. मायट्रलच्या जागी टिश्यू झडप लवकर झिजते, म्हणून तिथली सीमा थोडी वर. धातूच्या झडपेला वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, आयएनआर, एओर्टिक जागी २ ते ३, मायट्रल जागी २.५ ते ३.५. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या सोयीच्या असल्या तरी धातूच्या झडपेला चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. मूल हवं असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं की वॉरफरिनने सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भावर परिणाम होऊ शकतो. पाळी चुकल्यावर सांगून उशीर झालेला असतो.

धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रुग्णाला ओळखीचा होतो. तो एकाएकी दबका झाला आणि दम लागू लागला, तर तबकडीवर गुठळी बसली असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी इको हवा.

आणि दातांची गोष्ट. कृत्रिम झडप असो, रिंग असो की दुरुस्तीतली दोरी, आत परका पदार्थ आहे. हिरड्यांना इजा होईल असं दातांचं काम असेल तर अर्धा ते एक तास आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला पर्याय. झडपेच्या रुग्णाला कारण न कळणारा ताप आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी वेगवेगळ्या जागांमधून रक्ताचे तीन नमुने कल्चरला जायला हवेत. गोळी आधी पोटात गेली तर जंतू नमुन्यात सापडत नाहीत, झडपेवर मात्र वाढत राहतात.